तोंड फिरवलेलं घर

माझ्या नवऱ्याच्या हजाराव्या दिवसाचं जेवण आम्ही घातलं आणि त्याच्या थडग्याला विटांचा कट्टा बांधला, त्याच वर्षी नगरपालिकेची माणसं विनोंगो नदीच्या काठी मोजायची पट्टी घेऊन फिरू लागली. हजार दिवस झाले की मेलेला माणूस मागे वळून बघत नाही, असं आमच्याकडे म्हणतात. बरं झालं. त्यानं वळून बघितलं असतं तर त्याला मी राहते ते घर सापडलं नसतं.

आमची वस्ती उताराला आहे. वर रस्ता, खाली नदी, मधे आम्ही. तेव्हा घरांची तोंडं गल्लीकडे होती आणि पाठी नदीकडे. भांड्यांचं पाणी, चुलीची राख, केळीची सालं, पोरांची घाण, सगळं मागच्या दारानं नदीत जायचं. मी लपवत नाही. पण ज्यांना आमची किळस यायची त्यांची गटारंही आमच्याच पाठीमागून नदीत पडत होती. त्यांची मोठी होती, आमची लहान.

योजनेचं नाव कागदावर लांबलचक होतं. आम्ही त्याचं एवढंच केलं: मागे सरा, वर चढा, तोंड फिरवा. प्रत्येक घरानं नदीकडची तीन मीटर जागा सोडायची, तिथून फिरायचा रस्ता जाणार. गेलेली खोली वरती माडी चढवून मिळणार. आणि घराचं दार नदीकडे करायचं, म्हणजे माणसाला समोर घाण टाकायची लाज वाटेल. लाज शिकवायला एवढा खर्च करणारं सरकार मी दुसरं पाहिलं नाही.

आमचं घर रांगेत सगळ्यात पुढे आलेलं, नदीत नाक खुपसून बसल्यासारखं. घर माझ्या थोरल्या भावाचं, पोनिजोदादाचं. त्याची बायको कधीच गेली होती, मुलगी लग्न करून सुमात्रात, तिकडेच मुरली. मी विधवा झाल्यावर त्याच्याकडे राहायला आले. दादानं जन्मभर नदीतून वाळू काढली. कमरेइतक्या पाण्यात उभं राहून टोपली भरायची आणि डोक्यावरून काठाला आणायची. शेवटी गुडघे संपले. त्याची खाट मागच्या खोलीत होती, खाटेजवळ मागचं दार, दाराबाहेर त्यानंच बसवलेल्या दगडी पायऱ्या. रोज सकाळी तो बसून, एकेक पायरी घसरत खाली जायचा आणि गुडघ्यापर्यंत पाय पाण्यात सोडायचा. मी चहाला हाक मारीपर्यंत तिथंच. मग तसाच बसत बसत वर.

त्याला कुणी उचललेलं खपत नव्हतं आणि मला तो उचलवत नव्हता. त्या पायऱ्या होत्या म्हणून तो स्वतःचा स्वतः होता. मागची खोली गेली की दादा गेला, हे मला पट्टीवाली माणसं दारात आली त्याच दिवशी कळलं.

हारजितो आमचा गल्लीप्रमुख. अंगानं गोल, बोलणं तूप. तो येऊन उंबऱ्यावर बसला.

"काका, सगळी रांग तयार आहे. तुमच्या एका घरासाठी अडलंय."

"अडू दे," दादा म्हणाला. "माझंही गुडघ्यावर अडलंय. मी कुणाच्या उंबऱ्यावर जाऊन बसलो का?"

"वरती छान खोली मिळेल. वारा येईल. खिडकीतून आख्खी नदी दिसेल."

"दिसायला काय, वरच्या रस्त्यावरच्यांनाही दिसते. मला तिच्यात पाय घालायचेत."

हारजितो हसला. "काका म्हणजे ना, गमतीच फार."

"गंमत नाही रे. नाही म्हणतोय."

आमच्याकडे तोंडावर नाही म्हणणं म्हणजे थोबाडीत मारल्यासारखं. माणूस 'बघू' म्हणतो, 'देवाची इच्छा' म्हणतो, खोकतो. दादा वाळूत वाढलेला, त्याला हे जमलं नाही कधी. हारजितो पुन्हा आला, पुन्हा तेच ऐकून गेला. आणि नियम असा होता की आख्ख्या रांगेचा होकार असल्याशिवाय कुदळ लागणार नाही. लोक दादाला पाण्यात पाहू लागले. कालपर्यंत जो दुकानदार त्याला तंबाखू घरी आणून द्यायचा, तो म्हणाला, "काकांना सांगा, स्वतः येऊन घ्या." गुडघे नसलेल्या माणसाला.

त्या आठवड्यात मी बान्तुलला नणंदेकडे गेले होते, भातकापणीला. परत आले तर स्वयंपाकघरात केळीच्या पानाचा आणि कोंबडीचा वास. केराच्या डब्यात हाडं, चोखून साफ केलेली.

"कुणाचं जेवण होतं?" मी विचारलं.

"सुमिनीच्या सुनेचा सातवा महिना लागला ना," दादा म्हणाला. "तिनं स्वतः डबा आणून दिला. तंगडी होती, अख्खी."

सुमिनी म्हणजे हारजितोची बायको.

इथे सांगायला हवं. आमच्याकडे सलामतीचं जेवण घालतात तेव्हा घरधनी आधी सगळ्यांपुढे हेतू बोलून दाखवतो. हे जेवण अमक्यासाठी. सगळे आमीन म्हणतात. तिथं दोन घास खायचे आणि उरलेलं डब्यात भरून घरी न्यायचं. त्या डब्याला बरकत म्हणतात. जे आले नाहीत त्यांच्याकडे डबा पोहोचवतात. त्यांनी खाल्लं की तेही त्या हेतूत आले. डबा परत करणं म्हणजे वैर, आणि खाऊन हेतू नाकारणं त्याहून वाईट. तसं करणाऱ्याच्या मयतीला कुणी खांदा देत नाही.

सातव्या महिन्याच्या डब्यात कच्च्या फळांची तिखट कोशिंबीर असते. असतेच. गर्भारशीचं जेवण तिच्याशिवाय होत नाही.

"दादा, कोशिंबीर होती?"

तो आठवू लागला. "नव्हती."

"सातव्या महिन्याचं जेवण परवा आहे. मला आमंत्रण आहे."

त्यानं स्वतःच्या हाताकडे पाहिलं. बोटं अजून तेलकट होती. लुंगीला ती पुसत तो कितीतरी वेळ बसला. मी शेजारच्या घरी जाऊन विचारून आले. जेवण योजनेसाठी होतं. वस्तीचं भलं होवो, काम निर्विघ्न पार पडो, सगळ्या रांगेनं आमीन.

दुसऱ्या दिवशी हारजितो आला तेव्हा योजनेचा शब्दही काढला नाही. पावसाचं बोलला, माझ्या नणंदेच्या भाताचं विचारलं. उठताना म्हणाला, "काका, जेवण गोड लागलं ना?"

"लागलं," दादा म्हणाला.

हारजितो गेल्यावर मी दादावर ओरडले. "सांग की त्याला, मला माहीत नव्हतं म्हणून. तिनं फसवून खायला घातलं."

"माझ्या तोंडात तिनं कोंबलं नाही. तंगडी मी खाल्ली."

"मग काय झालं? तंगडीपायी घर देणार?"

"वागिरा, पोटात गेलेलं थुंकता येत नाही." आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. त्याच आठवड्यात त्यानं अंगठा दिला.

मी सुमिनीला सार्वजनिक नळावर गाठलं. बायका रांगेत होत्या, ऐकायला सगळ्यांना सोयीचं होतं.

"सुमिनी, सुनेचं पोट तुझ्या कामाला बरं आलं."

"काय बोलतेस?"

"डबा कशाचा ते सांगायला जीभ जड झाली होती का?"

तिनं बादली खाली ठेवली. "शेजारधर्म म्हणून डबा दिला. सगळ्यांना गेला. पोनिजोकाकांना पाठवला नसता तर तूच म्हणाली असतीस, आम्हाला वाळीत टाकलं. म्हणाली नसतीस?"

"हेतू सांगायचा असतो."

"विचारायचा असतो. त्यांनी विचारलं नाही. भूक लागली होती त्यांना. तू बान्तुलला, घरात थंड चूल."

बायका हसल्या. मला आजही ठाऊक नाही, ती मुद्दाम केलेली गोष्ट होती की तिच्या हातून तशीच घडली. पण त्या हसण्यानंतर मला ठाऊक करून घ्यायचंही नव्हतं. मी म्हटलं, "तुझ्या दारचं पाणी पिणार नाही." ती म्हणाली, "नळ नगरपालिकेचा आहे, पी हवं तेवढं."

भिंत पाडायला वस्तीचीच माणसं आली. आमच्याकडे असल्या कामाला सगळे फुकट येतात आणि घरच्यांनी चहा-नाश्ता द्यायचा. म्हणजे माझ्याच घराची पाठ फोडणाऱ्यांना मी चहा द्यायचा. दिला. साखर न घालता. आमच्याकडचा चहा असा असतो की चमचा उभा राहावा, इतका गोड. बिनसाखरेचा चहा पाहुण्याला देणं म्हणजे ऊठ आणि चालता हो. एकेकानं घोट घेतला. पेले खाली ठेवले. हारजितोनं पेला संपवला आणि म्हणाला, "छान झालाय, ताई." दुसरा मागितला. त्या माणसाचं मला हेच सोसत नाही.

पायऱ्या दादानं पाडू दिल्या नाहीत, असं सांगायला मला आवडलं असतं. तो गल्लीत खुर्चीवर बसून होता. पहार दगडावर पडायची तसा तो डोळे मिटायचा. बास.

घर उलटं झालं. पुढचं दार होतं तिथं स्वयंपाकघर आलं, पाठ होती तिथं दार. खाली कशीबशी एक खोली उरली, बाकी लोखंडी जिना, मधेच वळण घेऊन वर जाणारा, शिडीसारखा उभा. खालच्या खोलीत दादाची खाट घालावी म्हटलं तर ती दारातच येत होती, आणि दारासमोर आता रस्ता. येणारा-जाणारा आत डोकावणार. दादाला चौघांनी खुर्चीसकट वर नेलं. एरवी कुणाचा हात लागू न देणारा माणूस, गाठोड्यासारखा गेला.

मग रंगवाले आले. प्रत्येक घर वेगळ्या रंगाचं. आमचं पिवळं, कावीळ झाल्यासारखं. रांगेच्या टोकाला भंगार वेचणारी तीन कुटुंबं भाड्यानं राहायची, त्यांच्या खोल्यांच्या जागी बाकडी बसली. ती कुठं गेली कुणी विचारलं नाही. नदीकडे ओले कपडे वाळत घालायचे नाहीत, असा नियम आला. ओले कपडे नाहीत म्हणजे बायका नाहीत. आम्ही धुणं स्वयंपाकघरातल्या तारेवर घालू लागलो आणि घरभर दमट वास राहिला. वस्तीच्या तोंडाशी कमान उभारली. अक्षरं मी उशिरा शिकले, बायकांच्या वर्गात, पण ती पाटी मला वाचता आली. 'हसरी नदी वस्ती'. मी घरी येऊन दादाला सांगितलं. तो म्हणाला, "नदी हसते आमच्यावर."

शनिवार-रविवार पाहुणे यायचे. सुमिनीनं रस्त्यावर कॉफीचं दुकान टाकलं, चालायलाही लागलं. पाण्याला वास कमी येऊ लागला, हे खरं. उंदीरही कमी झाले. मी ते कुणापुढे बोलले नाही.

दादाच्या खोलीला नदीकडे एक सज्जा होता, कठड्याला फुलांच्या कुंड्या. तो दिवसभर तिथं बसायचा. पाहुणे खालून हात करायचे, फोटो काढायचे. हारजितो एक दिवस रेघारेघांचा सणाचा डगला आणि डोक्याला बांधायची बातिकची टोपी घेऊन आला.

"काका, हे घालून बसलात तर लोकांना आवडेल."

"बुजगावणं करतोस?"

"शोभा, काका."

"मेल्यावर घाल."

त्यानंतर दादानं माझ्याकडून दोर आणि बादली मागवली. रस्ता अरुंद होता, वरून नेम धरून फेकली की बादली रस्त्याच्या कठड्यापलीकडे पाण्यात पडायची. वाळूवाल्याचा हात, चुकायचा नाही. तो नदीचं पाणी वर ओढून घ्यायचा आणि सज्ज्यात बसून गुडघ्यांवर ओतायचा. ते पाणी सज्ज्यातून खाली, रस्त्यावर, पाहुण्यांच्या डोक्यावर. एका बाईचा पांढरा झगा भिजला आणि तिनं आरडाओरडा केला. मी स्वयंपाकघरात मिरच्या वाटत होते. कित्येक महिन्यांत मी तेवढी हसले नव्हते.

हारजितो धावत आला. "काका, पाहुण्यांवर पाणी पडतंय."

"पाणी खालीच पडतं. वर चढा असं तुझी योजना त्याला नाही सांगत का?"

"वास येतो हो त्या पाण्याला."

"कमानीवर लिहिलंय हसरी. हसायला सांग त्यांना."

तेव्हा हारजितोचं तूप पहिल्यांदा थिजलं. म्हणाला, "काका, अख्खी वस्ती याच्यावर जगतेय आता. तुम्ही एकट्यासाठी सगळ्यांच्या पोटावर पाय देताय."

"पाय?" दादा म्हणाला. "कुठले?"

दोन माणसं आली आणि सज्ज्याला वरपासून खालपर्यंत जाळी बसवून गेली. कुंड्या जाळीच्या बाहेर, दादा आत. बादली खुंटीला लटकत राहिली. मी हारजितोच्या दारात जाऊन त्याला नको नको ते बोलले, त्याच्या आईपर्यंत गेले. तो हात जोडून उभा राहिला आणि सुमिनीनं आतून दार लोटून घेतलं.

दादानं त्यानंतर काही मागितलं नाही. जेवण ताटात राहू लागलं. मी म्हणायचे, "तुला खाली नेऊ का? माणसं बोलावते." तो म्हणायचा, "माणसं नकोत." गुडघे कोरडे पडून त्यांची सालं निघाली. मी नळाच्या पाण्यानं चोळायचे. "हे पाणी मेलेलं आहे," तो म्हणायचा, पण पाय मागे घ्यायचा नाही.

तो गेला तेव्हा रविवार उजाडायचा होता. मी चहा घेऊन वर गेले तर जाळीला कपाळ टेकवून बसला होता.

आंघोळ घातली, कफन झालं, तिरडी वर नेली. तिरडी रिकामी होती तेव्हा उभी करून वळणावरून गेली. त्याला घेऊन येईना. उभी करावी तर माणूस आत उभा राहील, तसं करत नाहीत. आडवी येत नव्हती. खाली सगळी वस्ती जमलेली, वर आम्ही घामाघूम. घर फिरलं की घराचे वासे फिरतात म्हणतात, आमच्या घराचा जिनाही फिरला.

"सज्ज्यातून उतरवू," हारजितो म्हणाला. "जाळी कापू."

"आता कापतोस?" मी म्हटलं.

तो स्वतःच पक्कड घेऊन कापू लागला. हात रक्ताळले त्याचे. मला वाईट वाटलं नाही.

दादाचे जुने सोबती, वाळू काढणारे, आपले जाड दोर घेऊन आले. त्यांच्यातला कास्दी सगळ्यात म्हातारा, त्यानं चारही कोपऱ्यांना गाठी मारल्या. तिरडी सज्ज्यावरून बाहेर निघाली आणि हवेत लटकली. खाली रस्ता, रस्त्यावर सकाळचे पाहुणे, त्यांना कळेना बाजूला व्हावं की उभं राहावं. एकानं फोन वर धरला.

आमच्याकडे तिरडी दारात उचलून धरतात आणि घरच्यांनी तिच्या खालून तीनदा जायचं असतं, म्हणजे मेलेल्याचं वजन आपल्या डोक्यावरून जातं. दादाच्या घरचं माणूस मी एकटीच. तिरडी अधांतरी होती तेव्हाच मी कास्दीला थांब म्हटलं. सगळ्यांनी दोर ताणून धरले, मी जिन्यानं खाली आले. मी वाकून तीनदा दादाच्या खालून गेले. तिसऱ्या वेळी वर पाहिलं तर एका दोराला हारजितो होता, रक्ताळल्या हातानं.

"दोर सोड," मी म्हटलं.

"ताई, सोडला तर काका पडतील."

सोडू शकत नव्हता, हे त्याचं खरं होतं. असं नेहमीच त्याचं खरं असायचं.

दफनभूमीला जायला कमानीखालून रस्ता आहे. कास्दीनं तिकडे पाहिलंसुद्धा नाही. रस्त्याच्या कठड्याला नदीतला कचरा काढणाऱ्यांसाठी एक फाटक ठेवलंय, ते त्यानं लाथेनं उघडलं. वाळूवाले तिरडी खांद्यावर घेऊन पाण्यात उतरले, गुडघाभर, मग मांडीभर, आणि नदीच्या वरच्या अंगाला चालू लागले, दादा आयुष्यभर जसा जायचा तसे. मी मागून. लुगडं पायांत गुंडाळत होतं. वस्तीची माणसं काठानं चालली, नव्या रस्त्यावरून, चपला न भिजवता. हारजितो फाटकाशी चपला हातात घेऊन उभा होता. पुढे त्याचं काय झालं मी पाहिलं नाही.

तिसऱ्या दिवसाचं सलामतीचं जेवण मी घातलं. सगळ्या रांगेसाठी डबे भरले. हारजितोच्या घरचा भरला नाही. वस्तीत असं कुणी कधी केलं नव्हतं. डबे भरायला आलेल्या बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. "एक कमी पडतोय," एक हळूच म्हणाली. "कमी नाही," मी म्हटलं.

संध्याकाळी सुमिनी दारात आली. कॉफीच्या दुकानातला फडका खांद्यावर तसाच.

"माझ्या घरचा डबा आला नाही."

"येणार नाही."

"वागिरा, लोक काय म्हणतील?"

"जे दादाला म्हणत होते तेच."

ती उंबऱ्यात उभी राहिली. मी तिला बस म्हटलं नाही. चुलीजवळ भाताचं पातेलं होतं, तळाला थोडा भात, कोंबडीचा एक तुकडा. ती आत आली, पातेल्याशी उकिडवी बसली, हातानं भाताचा घास केला आणि तोंडात घातला. मी हात धरायला गेले तोवर तिनं तो गिळला. मग दुसरा. तोंड भरलेलं, डोळे माझ्यावर. जेवणाचा हेतू मी सकाळी सगळ्यांपुढे बोलले होते. पोनिजोला विसाव्याची जागा मिळो, आणि त्याला घराबाहेर काढणाऱ्यांना ती कधी न मिळो. आमीन म्हणताना माणसं अडखळली होती, पण म्हणाली होती.

"हेतू ऐकलास?" मी विचारलं.

"ऐकला," ती म्हणाली. "म्हणूनच आले."

तिनं पातेलं पुसून खाल्लं, हात धुतला आणि गेली. आम्ही त्यानंतर बोललो नाही, पण तिच्या घरचा डबा माझ्याकडे यायचा आणि माझा तिच्याकडे जायचा. दोघी खायचो.

माझा थोरला भाऊ पोनिजो रुवाह महिन्यात, रमजान लागायच्या आधीच्या रविवारी पहाटे वारला. सुमिनी त्याच्या हजाराव्या दिवसाच्या आधी, पैगंबरांच्या जन्माच्या, मौलुद महिन्यातल्या एका बुधवारी वारली.